शेळीच्या पोटातला नकाशा

माझ्या व्याह्यांनी पांगुळगाडा केला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोष कोणाचा याबद्दल मागाहून घोळ नको.

आमच्या शैलाचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे लोणावळ्याला झालं. मुलगी झाली. बारशाला व्याही थेट जबलपूरहून आले, आणि येताना स्वतःच्या हातांनी केलेला सागवानी पांगुळगाडा घेऊन आले. लाल-पिवळी चाकं, दांड्यावर दोन राघू, गाडा ढकलला की राघू माना हलवत. आता ज्या मुलीला अजून स्वतःची मान सावरत नव्हती तिला राघूंच्या मानांचं काय कौतुक? पण हे बायकांना कोण सांगणार! बारशाला आलेली प्रत्येक बाई पाळण्यात डोकावायच्या आधी गाडा ढकलून बघत होती. शेवटी शेजारच्या नंदाबाईंनी घुगऱ्यांची मूठ तोंडाजवळ नेता नेता मला विचारलं, "आणि ह्या आजोबांनी हो काय केलं नातीसाठी?"

मी तोंड उघडायच्या आत आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते होय? ते रेघा मारतात."

यात खोटं काही नव्हतं. मी ट्रेसर. साहेबांनी कागदावर पेन्सिलीनं नकाशा काढायचा, मी त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. धरणाच्या कामाचं एक ऑफिस होतं, तिथं माझी सगळी नोकरी झाली. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण साहेब अजून हयात आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. तर सांगायचं म्हणजे, रेघ मारणं ही काय सोपी गोष्ट आहे? पण सगळ्या बायका हसल्या, व्याही मिशीतल्या मिशीत हसले, आणि ते मला लागलं.

"मी पुस्तक करतोय," मी म्हणालो. "चित्रांचं. कापडाचं. स्वतःच्या हातानं."

हे वाक्य बाहेर पडेपर्यंत मलाही त्याची कल्पना नव्हती. पण एकदा बोललो ते बोललो. कापडाचंच का, तर लोणावळ्यात आषाढ लागला की कागदाला बुरशी येते, आणि मूल पुस्तक आधी खातं, मग वाचतं, असंही मी समजावून सांगितलं. व्याही म्हणाले, "वा! शैला येईल तेव्हा घेऊन येईलच. बघू."

त्या "बघू"नं माझी झोप उडवली. पण खरं सांगायचं तर नुसत्या व्याह्यांच्या मिशीसाठी मी एवढा खटाटोप केला नसता. गौरी-गणपती झाले की शैला जबलपूरला जाणार होती. नात परत कधी दिसेल याचा नेम नव्हता. जबलपूरला तिच्या डोळ्यांसमोर ते आजोबा असणार, तो गाडा असणार, ते राघू असणार. माझ्या हातचं काहीतरी तिच्या हातात असावं, असं मला फार फार वाटत होतं. रेघा मारणाऱ्यालाही हे वाटू शकतं.

कापडाची अडचण नव्हती. ट्रेसिंगचं कापड दिसायला मेणकागदासारखं गुळगुळीत असतं, पण ती सगळी खळीची करामत. ते गरम पाण्यात बुचकळून चोळलं की खळ सुटते, शाई बरीचशी वाहून जाते आणि हाती उरते तलम, मऊसूत मलमल. जुने नकाशे रद्द झाले की साहेब त्यांवर लाल पेन्सिलीनं फुली मारत आणि आम्हा ट्रेसर लोकांना घरी न्यायला देत. आमच्या खात्यातल्या सगळ्यांची पोरं याच कापडाच्या झबल्यांत वाढली. शैलाच्या पहिल्या झबल्याच्या पाठीवर एका पुलाचा उभा छेद फिकट फिकट दिसत असे. तेव्हा पानं तयारच होती म्हणायची.

पहिलं चित्र शेळीचं घेतलं. घोंगडीचा काळा तुकडा आणला, टी-स्क्वेअर लावला, गुण्या लावला, मापं घेतली, कातरलं, आणि टाके घालून पानावर बसवलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग ते पान हिच्यापुढे धरलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. "पाटा आहे का?"

"शेळी आहे."

"पाय कुठायत?"

"हा वरून दिसणारा देखावा आहे," मी शांतपणे म्हणालो. "वरून पाहिल्यावर पाय दिसत नाहीत. बाजूनं दिसणारा देखावा पुढच्या पानावर येईल. त्याच्या पुढच्या पानावर छेद."

"तान्ह्या पोरीला शेळीचा छेद दाखवणार?" ती म्हणाली, आणि एवढं बोलून थांबली नाही, तर शेजारी जाऊन नंदाबाईंना सांगून आली.

झालं! त्या दिवसापासून माझं पुस्तक सार्वजनिक झालं. नंदाबाईंचे यजमान अनंतराव हे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाल्यापासून शिकवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते मला शिकवत. ते छत्री मिटत मिटत आत आले आणि म्हणाले, "दिगंबरपंत, पुस्तकाला आधी बोध हवा. चित्र मागाहून. शेळी काय बोध देते?"

"ती शेळी आहे," मी म्हणालो.

"तिला आज्ञाधारक दाखवा. मान खाली घातलेली. आणि हे घ्या." त्यांनी खिशातून आपल्या जुन्या पगडीचा लाल तुकडा काढला. "पहिल्या पानावर लावा. विद्येचं पागोटं म्हणून."

नंदाबाईंनी खणाचा हिरवा तुकडा दिला, राघूसाठी. राघू ऐकल्याबरोबर माझ्या कपाळावर आठी आली, पण तुकडा ठेवून घेतला. मग पलीकडच्या घरातून जरीचा काठ आला, मागच्या घरातून मण्यांची तुटकी पोत आली. तोवर पुस्तक माझं होतं; आता त्यात मानपान शिरला. ज्यानं तुकडा दिला त्याला आपलं पान आधी हवं. नंदाबाई मला बोलल्या नाहीत, पण हिला म्हणाल्या, की आमचा खण जरीच्या मागे गेला तर काही हरकत नाही हो, आम्ही कुठं काय म्हणतोय. म्हणजे हरकत होती. पुस्तक अजून एक पाटा एवढंच तयार होतं, आणि अर्ध्या आळीचं माझ्याशी बोलणं तुटायची वेळ आली होती.

यातून सोडवायला ही एके दिवशी मुक्ताबाईंना घेऊन आली. मुक्ताबाई वलवणच्या. बाळंतिणीकडचं धुणं त्या करत, आणि रिकाम्या वेळात गोधड्या शिवत. त्यांनी माझी शेळी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ह्ये काय म्हनायचं, भाऊ?"

"शेळी."

"शेरडू हाय व्हय? मेल्यालं हाय का?"

आतून शैलाचं हसू ऐकू आलं. बाळंतीण इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. मुक्ताबाईंनी माझे टाके शांतपणे उसवले, कात्री घेतली, आणि न आखता, न मोजता, बोलता बोलता एक शेळी कातरून पानावर ठेवली. चार पाय, कान लोंबते, आणि तोंडावर असा भाव की आत्ता कुंपणाची पानं खाऊन आलीय. वर पोटाची कड न शिवता तिथं पानाशी कप्पा ठेवला आणि त्यात घोंगडीच्याच चिंधीचं एवढंसं करडू घातलं. काढावं, पुन्हा घालावं. माझ्या तोंडून "वा" गेलं. पण लगेच सांगितलं, की करडू मापाला थोडं मोठं आहे.

"आसू द्या. वाढतंय पोर," त्या म्हणाल्या.

मानपानाचाही निकाल त्यांनीच लावला. पानं मधोमध शिवून टाकली. कुठूनही उघडा, तेच पहिलं पान. अनंतराव उघडत तेव्हा पगडी पहिली आणि नंदाबाई उघडत तेव्हा राघू पहिला. पगडीतून मावळता सूर्य झाला, अनंतरावांना मात्र तो उगवता आहे म्हणून सांगितलं. माझ्या जुन्या अल्पाकाच्या कोटाची आगगाडी झाली, तिला कापसाचा धूर, चाकांना कोटाचीच बटणं. इरल्यातली बाई झाली. इरल्याला मी खरी वाळलेली पानं लावली आणि ते एक काम माझ्या हातचं उत्तम झालं, असं आजही माझं मत आहे. काथ्याच्या मिशांचा एक पोलीसही होता. मी आखायचं, त्यांनी ते पुसून कातरायचं, मी टाका घालायचा, त्यांनी तो सारखा करायचा, अशी कामाची वाटणी आपोआप झाली. श्रावणातला पाऊस बाहेर एकसारखा कोसळत होता आणि आमच्या माजघरात पुस्तक वाढत होतं. ते दिवस फार सुखाचे गेले.

आता नकाशाकडे वळतो, कारण त्यानंच घात केला.

धरणाच्या मोरीचं दार वरखाली करायला एक लांब लोखंडी दांडा असतो. तो वाकला होता, पाण्यात होता, आणि पाऊस सरला की नवा करायचा होता. त्याचा नकाशा मी नुकताच कापडावर उतरवला होता. एरवी अशा नकाशाच्या निळ्या प्रती निघतात. पण निळी प्रत उन्हात ठेवून काढायची असते, आणि लोणावळ्यात सूर्य दिसून कैक दिवस झाले होते. साहेबांचा पेन्सिलीचा मूळ कागद? तो साहेबांनी शिरस्त्याप्रमाणे खोडरबरानं पुसून दुसऱ्या नकाशाला घेतला होता. मंदीचे दिवस होते. कागद वाचवला की वरचे साहेब खूश होत. म्हणजे त्या दांड्याचा अवघ्या जगात तो एकच नकाशा. त्यात ऑफिसचं छप्पर गळायला लागलं. ट्रेसिंगच्या कापडाला ओल म्हणजे काळ. तेव्हा साहेबच म्हणाले, "दिगंबर, तुमच्याकडे बाळंतिणीची शेगडी आहे ना? घरी न्या हा नकाशा. कोरडा ठेवा."

साहेबांचा हुकूम होता, हे लक्षात असू द्या.

पावसाळ्यात आमच्याकडे शेगडीवर टोपलं पालथं घालतात आणि त्यावर बाळाची दुपटी, लंगोट वाळवतात. सबंध घरात कोरडी अशी ती एकच जागा. नकाशा सादळून मऊ पडला होता, म्हणून मी तो घडी घालून टोपल्याच्या कडेला ठेवला आणि संध्याकाळी फिरायला गेलो. वाळत घातलेला लंगोट आणि सादळलेला नकाशा यांत, अंधाऱ्या खोलीत, घाईत असलेल्या माणसाला फरक दिसत नाही, हे मला मागाहून सांगण्यात आलं. हिनं टोपल्यावरचं सगळं गोळा केलं, त्यातलं अर्धं पुन्हा ओलं झालेलं होतं म्हणून धुण्यात टाकलं, मुक्ताबाईंनी ते गरम पाण्यात घालून चांगलं चोळलं, आणि पांढरं, मऊ, चांगल्या पन्ह्याचं कापड पाहून म्हणाल्या, "वैनी, ह्ये शेरडाला लागंल." शेळीच्या पानाला मागून अस्तर हवंच होतं, पण हे कापड एवढं चांगलं निघालं की त्यांनी जुनं पान काढून शेळीच त्यावर आणून बसवली.

मला वाटलं, हिनं नकाशा उचलून कपाटात ठेवला. हिला वाटलं, मी तो ऑफिसात परत नेला. संसार इतकी वर्षं असाच चालला होता आणि काही बिघडलं नव्हतं.

पुस्तक पुरं झालं. शेवटचा टाका घालायच्या आधी मुक्ताबाईंनी चुलीपुढची भाकरी मागितली, तिचा तुकडा मोडला, गुळाचा खडा लावला, हळदकुंकू वाहिलं आणि ते सगळं पानांच्या मध्ये, जिथं शिवण येते तिथं, एका चौकोनी तुकड्याखाली शिवून टाकलं.

"अहो, हे काय करताय?" मी ओरडलो.

"घास. गोधडीला घालत्यात तसा. तिचं प्वाट रिकामं ठिवलं तर पांघरणाराला भूक लागती, भाऊ. पोथीबी तशीच."

"मुंग्या येतील!"

"त्याबी खात्याल की घास," त्या म्हणाल्या. शैला म्हणाली, "राहू द्या हो बाबा." बाळानं आगगाडीचं चाक तोंडात घातलं. म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस मी म्हणत असताना, ऑफिसचा शिपाई गेणू धावत दारात आला. "सायबानं बोलिवलंय. दांडा तुटला. मोरीचं दार बसलंय. नकाशा घिऊन या म्हन्लेत, आत्ताच्या आत्ता. मळवलीचा लोहार बी बोलिवलाय."

मी कपाट उघडलं. नकाशा नव्हता. मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी टोपल्याकडे पाहिलं. मग, कसं कोण जाणे, पाळण्याशेजारी पडलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. शेळीचं पान उजेडात धरलं तर तिच्या चारी पायांमधून, कानांच्या मागून, शेपटीखालून, माझ्याच हातच्या रेघा फिक्या फिक्या दिसत होत्या. किती सरळ होत्या! त्या क्षणीही मला तेवढा अभिमान वाटून गेला.

"फाडून तेवढं पान न्या," ही म्हणाली.

मुक्ताबाई धुणं घेऊन तेवढ्यात दारात आल्या होत्या. "लेकराच्या नावानं शिवल्यालं उसवत्यात व्हय कुटं? आजून तिनं हाताळलंबी न्हाई नीट. न्हाई, भाऊ. आख्खी पोथी न्या."

आणि मी अख्खी पोथी नेली. इरल्याखाली, छातीशी धरून, गेणूच्या मागे मागे.

मोरीच्या कट्ट्यावर साहेब, फिटर आणि मळवलीचा लोहार भिमाजी पावसात उभे होते. गेणूनं साहेबांवर छत्री धरली. मी पुस्तक पुढे केलं. साहेबांनी ते उघडलं आणि आगगाडी निघाली. त्यांनी पान उलटलं, पोलीस निघाला. आणखी एक उलटलं, सूर्य निघाला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब सूर्योदय होता.

"दिगंबर," साहेब म्हणाले, "नकाशा."

"शेळीच्या खाली आहे, साहेब."

मी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. शेगडी, टोपलं, लंगोट, मुक्ताबाई. साहेबांचा हुकूमही आठवण म्हणून मध्येच सांगितला. मंदीत आधीच दोन माणसं कमी केली होती, तिसरा मी, असं मनाशी पक्कं झालं होतं. घरी जाऊन हिला काय सांगू, असं एकीकडे वाटत होतं, आणि दुसरीकडे पुस्तकावर थेंब पडतोय तो पुसत होतो.

साहेबांनी चष्मा पुसला. पान आभाळाकडे धरून त्यांनी नकाशा वाचायला सुरुवात केली. "वरचं माप आहे. आट्यांचं माप आहे. खालचा... अरे, एकूण लांबी कुठंय?"

"पोटात," मी म्हणालो.

"काय?"

"कप्प्यात, साहेब. हात घाला."

साहेबांनी शेळीच्या पोटात दोन बोटं घातली. करडू बाहेर आलं. त्यांनी ते गेणूच्या हातात दिलं. मग चष्मा कपाळावर चढवून कप्प्यात डोळा लावला आणि मोठ्यानं दांड्याची लांबी वाचली. भिमाजीनं तिची काठीवर खूण करून घेतली. दांडा दुसऱ्या दिवशी बसला, दार हललं, आणि कोणाचंही काही नुकसान झालं नाही. साहेबांनी करडू परत कप्प्यात घातलं. मला वाटतं, जरुरीपेक्षा एकदा जास्तच काढून घातलं.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण साहेब म्हणाले, "नोकरी आहे तुमची. मी कोणाला सांगू, की मीच नकाशा बाळंतिणीच्या शेगडीवर ठेवायला सांगितला होता? पण हा अस्सल नकाशा आहे. हा आता दप्तरात जमा."

"पण साहेब, ते माझ्या नातीचं..."

"नकाशा दप्तरात," साहेब म्हणाले.

आमच्या रेकॉर्डकीपरांइतका कायद्याचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी पुस्तक नोंदवून घेतलं. शेळीचं पान हा नकाशा, उरलेली पानं त्याची जोडपत्रं, कारण शिवलेली होती. पोलिसाच्या मिशीवर शिक्का उमटेना म्हणून आगगाडीवर मारला. मी म्हणालो, मी नकाशाची नक्कल करून देतो, पुस्तक सोडा. ते म्हणाले, "नक्कल जरूर करा. पण नक्कल ती नक्कल आणि अस्सल ते अस्सल. अस्सल दप्तराबाहेर जात नाही. तुम्ही इतकी वर्षं इथं आहात, तुम्हाला मी सांगायचं?"

मी रिकाम्या हातांनी घरी आलो. एव्हाना गणपती बसले होते. शैलाची ट्रंक भरायला घेतली होती. पांगुळगाड्याला गोणपाट गुंडाळून सुतळी बांधली होती. त्या गुंडाळलेल्या गोणपाटाकडे मला बघवेना. अनंतराव म्हणाले, यातून बोध घ्यावा. कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही. नंदाबाई मात्र खरंच हळहळल्या. म्हणाल्या, आमचा राघू सरकारजमा झाला हो. शैला ट्रंकेपाशी बसली होती. तिनं बाळाचं दुपटं घडी केलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केलं, आणि मला म्हणाली, "बाबा, मी तिला सांगेन की होतं म्हणून." मी पाणी प्यायला उठलो.

गौरी गेल्या त्या सकाळी ऑफिसात मोठा आरडाओरडा झाला. रेकॉर्डरूमच्या दारातून मुंग्यांची रांग आत चालली होती. शिस्तीत, एकामागून एक, जुन्या कालव्याच्या नकाशांवरून, हिशेबाच्या बाडांवरून, सरळ एका कपाटात. रेकॉर्डकीपर खुर्चीवर चढून उभे होते. त्यांच्या अख्ख्या नोकरीत दप्तरात मुंगी शिरली नव्हती.

"दिगंबर! ह्यात काय आहे?"

"घास आहे," मी म्हणालो. "गूळ-भाकरी."

"अन्नपदार्थ? दप्तरात?" त्यांचा आवाज चिरकला. "अन्नपदार्थ दप्तरात ठेवता येत नाही! काढा तो!"

मी मनातल्या मनात उडी मारली, पण चेहरा गंभीर ठेवला. म्हणालो, काढायचा कसा ते मला ठाऊक नाही, शिवणाऱ्या बाईला विचारावं लागेल. साहेबांनी गेणूला मुक्ताबाईंकडे पाठवलं. त्या पदर खोचून, हातात कात्री नव्हे तर विळा घेऊन आल्या, कारण तशाच शेतातून निघाल्या होत्या. साहेबांनी समजावलं, रेकॉर्डकीपरांनी कलम वाचून दाखवलं. मुक्ताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सायेब, घास काडला की पोथी उपाशी. मग लेकरू रातभर भुकंनं रडंल, त्ये तुमी येनार हायसा का जबलपुराला गप करायला?"

साहेबांनी रेकॉर्डकीपरांकडे पाहिलं. रेकॉर्डकीपरांनी पायाखालच्या मुंग्यांकडे पाहिलं. जबलपूरला जायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं. तेव्हा ठरलं, की मी नकाशाची खरी नक्कल करावी, साहेबांनी तिला अस्सल मानून सही करावी, आणि खाद्यपदार्थासह जुना नकाशा आणि जोडपत्रं ताबडतोब दप्तराबाहेर काढावीत.

मी तिथंच बसलो. पुस्तकावर नवं ट्रेसिंगचं कापड पसरलं आणि रेघा उतरवल्या. जन्मात मारल्या नसतील अशा मारल्या. झाल्यावर रेकॉर्डकीपरांनी दोन्ही शेजारी धरून ताडून पाहिलं आणि मान हलवली.

"शेळी कुठंय?"

"शेळी?"

"मुळात आहे. खरी नक्कल म्हणजे मुळात जे असेल ते सगळं. काही गाळता येत नाही."

मी शेळी उतरवली. चारी पायांची, लोंबत्या कानांची. ती आजही त्या दप्तरात आहे, साहेबांच्या सहीसकट. पुढे ऊन पडल्यावर त्याच्या निळ्या प्रती निघाल्या, आणि निळ्या रंगावर पांढरी शेळी फार सुरेख दिसायची. फक्त जादा दांड्यासाठी एक प्रत मळवलीला गेली, तेव्हा भिमाजीच्या पोरानं निरोप पाठवला, की बाकी सगळं उमगलं, पण चार पायांचा जो भाग दाखवलाय तो लोखंडाचा करायचा का बिडाचा?

शैला निघाली त्या दिवशी स्टेशनावर सगळी आळी आली होती. पांगुळगाडा मालाच्या डब्यात गेला. पुस्तक बाळाच्या हातात होतं, म्हणजे तोंडात होतं. मुक्ताबाईही आल्या होत्या, वलवणहून चालत. गाडीनं शिट्टी दिली तशा त्या खिडकीशी गेल्या, बाळाच्या गालावरून हात फिरवला, शेळीच्या पोटातून करडू काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"अहो, हे राहिलं की!" मी खिडकीकडे वळलो.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," त्यांनी माझा हात धरला. "रानात शेरडं सोडताना आमी करडं घरात ठिवतो, भाऊ. मग हाकाया लागत न्हाई. सांज झाली की आई आपसुक घरला येती."

गाडी हलली. मी हात हलवायचा विसरलो. ही म्हणाली, "अहो, हात तरी करा," तेव्हा केला, पण तोवर डबा दिसेनासा झाला होता.

चैत्रात शैला आली. पोर धावत नव्हती, पण लटपटत चालत होती, आणि पुस्तकाचे चारी कोपरे चघळून पांढरे झाले होते. पांगुळगाड्याचा एक राघू मानेतून निखळल्याचं कळलं. मला वाईट वाटलं. थोडं वाटलं. करडू आईच्या पोटात परत गेलं आणि महिनाभर रोज पन्नासदा आतबाहेर झालं.

जायच्या दिवशी स्टेशनावर मी हळूच शेळीच्या कप्प्यात हात घातला, तर कप्पा रिकामा. मग बघतो तर करडू पोरीच्या तोंडात. मी हात पुढे केला. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, तोंडातून ते ओलंचिंब करडू काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "द्या इकडे, धुऊन टाकते."

"नको," मी म्हणालो. "या घरात धुवायला दिलेल्या गोष्टीचं काय होतं ते मी पाहिलंय." आणि ते तसंच ओलं माझ्या कंपासपेटीत ठेवून दिलं.